टॉर्ट म्हणजे काय रे भाऊ?



सौ. सध्या इथल्या कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलचा सर्टिफिकेट कोर्स करते आहे. या सेमिस्टरला तिला 'टॉर्ट्स' हा विषय आहे आणि संध्याकाळी फ्लॅशकार्ड्स हातात घेऊन तिला प्रश्न विचारणं हे माझं काम. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की हा विषय पॅरालीगलच्या विद्यार्थ्यांपुरता नाहीच. आपण सगळे दरवर्षी गाडीच्या आणि घराच्या पॉलिसीवर 'लायबिलिटी' नावाच्या ओळीचे पैसे भरतो. ती ओळ कशासाठी असते, ते या विषयात कळतं. म्हणून यावेळचा लेख त्यावर.

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला माणूस, वकील नव्हे. हा कायद्याचा सल्ला नाही, ओळख आहे. खरी वेळ आली तर आपल्या राज्यातल्या वकिलाला गाठा.

तर टॉर्ट म्हणजे काय? मूळ शब्दाचा अर्थ 'वाकडं'. आपल्याकडच्या कायद्याच्या पुस्तकांत याला 'अपकृत्य' म्हणतात. लॉ कॉलेजला गेलेला एखादा मामा किंवा आत्या घरात असेल, तर त्यांच्या कपाटात रतनलाल-धीरजलालचं जाडजूड 'लॉ ऑफ टॉर्ट्स' पाहिल्याचं आठवेल. सोप्या भाषेत सांगायचं तर, कुठलाही करार झालेला नसताना आणि कदाचित कुठलाही गुन्हा घडलेला नसतानाही, तुमच्या वागण्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि कायदा म्हणाला की ते भरून दे, की झाला टॉर्ट.

गुन्ह्यात फिर्यादी सरकार असतं आणि शेवट तुरुंगात होऊ शकतो. टॉर्टमध्ये ज्याचं नुकसान झालं तो स्वतः वादी असतो आणि शेवट बहुतेक वेळा चेकवर होतो. एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात. ओ. जे. सिम्पसनचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ साली फौजदारी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं आणि १९९७ साली दिवाणी ज्यूरीने त्याच दोन मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरून एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलरची भरपाई लावली. अनेकांना वाटतं, हा काय गोंधळ? गोंधळ नाही. फौजदारीत 'वाजवी शंकेला जागा नको' इतका पुरावा लागतो. दिवाणीत तराजूचा काटा वादीच्या बाजूला किंचित झुकला तरी पुरतं.

टॉर्ट्सची तीन घराणी आहेत. पहिलं, जाणूनबुजून केलेलं. म्हणजे मारणं, कोंडून ठेवणं, खोटी बदनामी करणं. दुसरं, निष्काळजीपणा, म्हणजे नेग्लिजन्स. तिसरं, 'स्ट्रिक्ट लायबिलिटी', म्हणजे चूक असो वा नसो, भरपाई द्यायचीच. न्यू जर्सीत तुमचा कुत्रा कोणाला चावला तर "आजवर कधी कोणाला चावला नव्हता हो" हे सांगून उपयोग नाही, ते याच तिसऱ्या घराण्यामुळे. पण कोर्टात येणारा मोठा पसारा मधल्या घराण्याचा. तेव्हा निष्काळजीपणाच घेऊ.

निष्काळजीपणा सिद्ध करायला चार गोष्टी लागतात. कर्तव्य, कर्तव्याचा भंग, कारणसंबंध आणि नुकसान. (इंग्रजीत ड्यूटी, ब्रीच, कॉझेशन, डॅमेजेस. सौ.च्या पहिल्या चार फ्लॅशकार्ड्सवर हेच.) आपल्यासारख्यांनी ह्याकडे 'अँड' कंडिशन म्हणून बघावं. चारही ट्रू असतील तरच आउटपुट. एक जरी फॉल्स निघाली तरी केस गेली.

हे चार शब्द मला अमेरिकन पुस्तकापेक्षा एका अस्सल मराठी केसमुळे जास्त चांगले कळले. जोशी विरुद्ध गोडबोले. भारतात वैद्यकीय हलगर्जीपणाचा विषय निघाला की हिचं नाव येतंच.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. दौंडला प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरांचा वीस वर्षांचा मुलगा आईबरोबर तिथे होता. संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. किनारा घरापासून दीड मैल, त्यामुळे खाट आणून त्याला घरी न्यायला वेळ लागला. गावातल्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्यायला सांगितलं. टॅक्सीतून सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मेला सकाळी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यात पोचली. तिथे एका सर्जनच्या खाजगी हॉस्पिटलात हाड बसवून प्लास्टर घातलं गेलं. त्याच रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला.

आईवडिलांनी भरपाईचा दावा लावला. आता चार शब्द लावून बघा.

कर्तव्य: सर्जनने पेशंट हातात घेतला की काळजी घेण्याचं कर्तव्य आलं. सुप्रीम कोर्टाने त्याचे तीन भाग सांगितले. केस घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार करताना काळजी. किती काळजी? सर्वोच्च दर्जाची नाही आणि अगदी कमीही नाही, वाजवी.

भंग: कोर्टांनी पुराव्यावरून मानलं की पूर्ण भूल न देता, माणसं लावून, गरजेपेक्षा जास्त जोर करून पाय ओढला गेला.

कारणसंबंध: खरी लढाई इथे झाली. डॉक्टरांचं म्हणणं, मृत्यू फॅट एम्बॉलिझमने झाला, म्हणजे हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात जाऊन. तसं असेल तर त्यांच्या कृतीचा संबंध तुटतो. कोर्टांनी ते मानलं नाही. त्या ओढाताणीने बसलेल्या शॉकमुळे मृत्यू झाला, असा निष्कर्ष काढला.

नुकसान: वीस वर्षांचा मुलगा. आणि रक्कम? तीन हजार रुपये. खालच्या कोर्टाने दिली, हायकोर्टाने कायम केली आणि २ मे १९६८ ला सुप्रीम कोर्टानेही. घटना १९५३ ची, शेवटचा निकाल १९६८ चा. पंधरा वर्षं.

ही पंधरा वर्षं आणि तीन हजार रुपये लक्षात ठेवा. "आपल्याकडे कोणी उठसूट कोर्टात जात नाही, आपली माणसं समजूतदार" असं आपण इथे पार्टीत बसून म्हणतो, तेव्हा त्या समजूतदारपणामागे हा हिशेबही असतो. (मोटार अपघातांसाठी पुढे वेगळी ट्रायब्युनल्स आली आणि १९८६ पासून ग्राहक न्यायालयं, म्हणून बराच फरक पडला, ते खरं.) इथे वादीचा वकील बहुधा आधी पैसे मागत नाही. जिंकलो तर साधारण एक तृतीयांश, हरलो तर फी नाही. त्यामुळे साध्या माणसालाही दार उघडं राहतं. त्याचा गैरवापरही होतो, पण दार का आहे ते विसरू नये.

कारणसंबंधाला कुठेतरी कुंपण घालावं लागतं, नाहीतर एका घटनेतून दुसरी, दुसरीतून तिसरी असं संपणारच नाही. त्याची प्रसिद्ध केस न्यूयॉर्कची, १९२८ ची, 'पाल्सग्राफ'. चालत्या ट्रेनमध्ये चढणाऱ्या एकाला रेल्वेच्या माणसांनी हात दिला. त्याच्या काखेतलं पुडकं पडलं. त्यात फटाके! स्फोट झाला आणि प्लॅटफॉर्मवर लांब उभ्या असलेल्या एका बाईंवर वजनकाटा कोसळला. बाई हरल्या. न्यायमूर्ती कार्डोझो यांचं म्हणणं, साध्या पुडक्याला धक्का लागला तर लांबच्या त्या बाईंना इजा होईल हे कोणाच्याही ध्यानात येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांच्याबाबतीत कर्तव्यच नव्हतं. निकाल ४ विरुद्ध ३ असा लागला, म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. यातून 'आधी अंदाज येऊ शकत होता का?' हा प्रश्न मात्र पक्का झाला. तो पुढे लागणार आहे.

आता थोडं गणित. दोष दोघांचाही असेल तर? मॅकडोनाल्ड्सच्या गरम कॉफीची केस सगळ्यांनी विनोद म्हणून ऐकली आहे. १९९२ साली न्यू मेक्सिकोत ७९ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर कॉफी सांडली. विनोदात जे येत नाही ते असं, की त्यांना गंभीर भाजलं आणि त्वचारोपण करावं लागलं, कॉफी १८० ते १९० फॅरनहाइटला दिली जात होती आणि कंपनीकडे दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी आल्या होत्या. बाईंनी आधी २० हजार डॉलर मागितले होते, कंपनीने ८०० देऊ केले. १९९४ साली ज्यूरीने नुकसान धरलं २ लाख डॉलर, बाईंचा स्वतःचा दोष २० टक्के, म्हणून हातात १ लाख ६० हजार. वर दंडात्मक भरपाई २७ लाख डॉलर, जी न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणली. पुढे दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं.

हे टक्क्यांचं गणित राज्याराज्यात वेगळं आहे. समजा तुमचं नुकसान १ लाख डॉलर:

- तुमचा दोष २० टक्के: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया, दोन्हीकडे ८० हजार.
- तुमचा दोष ६० टक्के: कॅलिफोर्नियात ४० हजार. न्यू जर्सीत शून्य, कारण समोरच्यापेक्षा तुमचा दोष जास्त.
- तुमचा दोष ५ टक्के, पण अपघात नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मेरीलँड किंवा अलाबामात: साधारणपणे शून्य! तिथे अजून जुना नियम आहे, थोडाही दोष असला की दावा गेला.

रॅली-कॅरी आणि व्हर्जिनियातल्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावं. अपघातानंतर रस्त्यातच "सॉरी, माझंही चुकलंच" असं सौजन्याने बोलून टाकणं तिथे फार महाग पडू शकतं.

आता ज्या केसमुळे हा लेख लिहायला बसलो ती. केली विरुद्ध ग्विनेल, न्यू जर्सी सुप्रीम कोर्ट, १९८४.

एक गृहस्थ मित्राला त्याच्या घरी सोडायला गेले. मित्र म्हणाला, आत ये. तास-दोन तास बसले, स्कॉच झाली. यजमानाच्या सांगण्याप्रमाणे दोन-तीन पेग. (पुढे तज्ज्ञाने रक्तातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावरून, जे ०.२८६ टक्के होतं, तेराएक पेगांचा हिशेब मांडला.) निघताना यजमान गाडीपर्यंत सोडायला गेला, गप्पा मारल्या, गाडी निघालेली पाहिली. साधारण पंचवीस मिनिटांनी यजमानाने पाहुण्याच्या घरी फोन केला, "पोचला का नीट?" तेव्हा कळलं की वाटेत समोरासमोर टक्कर झाली आहे आणि दुसऱ्या गाडीतली एक बाई गंभीर जखमी आहे.

तो फोन वाचून मी थांबलो. कारण हे आपलंच वागणं आहे हो! दारापर्यंत, नव्हे गाडीपर्यंत सोडायला जाणं, "पोचल्यावर फोन कर" म्हणणं. यजमान वाईट माणूस नव्हता.

जखमी बाईंनी पाहुण्यावर दावा लावला, पुढे यजमानही प्रतिवादी झाला. खालच्या दोन्ही कोर्टांनी यजमानाला सोडलं. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध १ ने उलट ठरवलं. पाहुणा नशेत आहे आणि गाडी चालवत जाणार आहे हे माहीत असूनही यजमानाने त्याला दारू देणं चालू ठेवलं, तर रस्त्यावर तिसऱ्याला होणारी इजा यजमानाच्या अंदाजात यायलाच हवी, म्हणून तोही जबाबदार. पाल्सग्राफचा प्रश्न इथे आला बघा. वजनकाट्याचा अंदाज कोणाला येणार नव्हता, टकरीचा अंदाज कोणालाही येईल.

विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती गॅरिबाल्डी यांचा मुद्दाही वजनदार होता. घरचा यजमान म्हणजे बारटेंडर नव्हे. कोणी किती घेतली याचा हिशेब तो कसा ठेवणार, आणि धंदेवाल्यासारखा हा खर्च तो कुठून वसूल करणार? पुढे विधिमंडळाने कायदा करून यजमानाच्या जबाबदारीला मर्यादा घातल्या. पाहुणा 'दिसण्याइतपत' नशेत असायला हवा आणि इजा वाहन अपघातातून झालेली हवी. शिवाय वयात आलेल्या पाहुण्याला स्वतःच्या इजेसाठी यजमानावर दावा लावता येत नाही. पण गाभा आजही तोच आहे. सगळीकडे असं नाही. कॅलिफोर्नियात सज्ञान पाहुण्याला दारू दिल्याबद्दल घरचा यजमान जबाबदार धरला जात नाही, २१ च्या आतल्या मुलांना दिली तर मात्र वेगळी गोष्ट.

आता आपल्याकडे बघा. पाहुणचार म्हणजे आग्रह. "अरे एक तरी घे", "माझी शपथ आहे", "आता उठायचं नाही". जिलबी-मठ्ठ्याच्या पंगतीत हा आग्रह फार तर पोट बिघडवतो. तोच आग्रह आपण इथे बेसमेंटमधल्या बारपाशी जसाच्या तसा नेला, आणि इथे पाहुणा रात्री अकरा वाजता रिक्षाने जात नाही. हायवेवर पासष्टच्या वेगाने जातो.

आपल्या संस्कारात पाहुण्याशी नातं आहे, म्हणून त्याची काळजी. रस्त्यावरच्या अनोळखी बाईशी आपलं काही नातं नाही. केली केस म्हणते, आहे. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही, तिचं नाव माहीत नाही, तरी तुमच्या हातातली बाटली आणि तिची गाडी एकाच रस्त्यावर आहेत. मला वाटतं, सगळ्या टॉर्टचं सार या एका वाक्यात येतं: ज्यांना आपण ओळखत नाही त्यांचंही आपण काळजी घेण्याचं देणं लागतो.

दुसरी बाजू ओळखीच्यांची. मित्राच्या घरी पायरीवरून घसरून पाय मोडला आणि त्याच्यावर क्लेम केला, तर मैत्री संपली असं आपल्याला वाटतं. थोडं वेगळं बघा. क्लेम कागदोपत्री मित्रावर असतो, पण पॉलिसीच्या मर्यादेत पैसे देते त्याची होमओनर्स इन्शुरन्स कंपनी. ती वकीलही देते. याचसाठी तर तो प्रीमियम भरतो. शिवाय बहुतेक पॉलिसींत पाहुण्यांसाठी 'मेडिकल पेमेंट्स' नावाची छोटी रक्कम असते, ती मिळायला कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. आणि यजमान असाल तर साधा नियम: घरातला जो धोका तुम्हाला माहीत आहे आणि पाहुण्याला दिसत नाही, तो त्याला सांगा. कठडा डुगडुगतोय, मागच्या पायरीवर बर्फ जमतो, हे बोलून दाखवणं हेच तिथे तुमचं कर्तव्य.

आता पॅरालीगलचं काम काय, तर या चार शब्दांची फाइल बांधणं. हॉस्पिटलचे रेकॉर्ड मागवणं, पोलीस रिपोर्ट, फोटो, बिलं, साक्षीदारांच्या याद्या, घटनेची तारीखवार टाइमलाइन. सल्ला देणं मात्र नाही, तो फक्त वकिलाने द्यायचा. (तेव्हा गणपतीला भेटल्यावर सौ.ला "आमची केस होईल का?" असं विचारू नका. :-))

आणि सगळ्यात वरती, तारखा. शारीरिक इजेचा साधा दावा लावायला न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात २ वर्षं, न्यूयॉर्कमध्ये ३. प्रतिवादी न्यू जर्सीतली टाउनशिप किंवा सरकारी शाळा असेल तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. "बघू पुढच्या इंडिया ट्रिपनंतर" म्हणणाऱ्यांचा दावा इथेच संपतो, मग बाकीचे तीन-चार शब्द कितीही पक्के असोत.

तर मंडळी, दोन कामं. एक, आपली पॉलिसी काढून लायबिलिटीचा आकडा बघा. घर आणि बचत त्याहून बरीच जास्त असेल, तर एजंटला 'अम्ब्रेला पॉलिसी'बद्दल विचारा. दोन, पुढच्या पार्टीत कोणी घरी निघालं आणि त्याचा पाय अडखळताना दिसला, तर गाडीपर्यंत सोडायला जाऊ नका. किल्ली मागा, सोफ्यावर चादर टाका, नाहीतर उबर बोलवा. आपला आग्रह करण्याचा जो पिढीजात गुण आहे, तो इथे वापरा: "आता जायचं नाही, माझी शपथ आहे."

कळावे, लोभ असावा.

ता.क. फोनवाल्यांसाठी एक. २०१३ साली न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने म्हटलं, समोरचा गाडी चालवतोय आणि चालवतानाच मेसेज वाचणार आहे हे माहीत असताना टेक्स्ट पाठवला, तर पाठवणाराही जबाबदार ठरू शकतो. त्या केसमध्ये तेवढा पुरावा नव्हता म्हणून पाठवणारी मुलगी सुटली. तेव्हा "कुठे पोचलास?" हा मेसेज तो पोचल्यावरच पाठवा.